बागेचा सल्ला : विक्रेत्याचा की शेजाऱ्याचा?

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील शहरांना झाडांची आठवण होते. महापालिका रोपांचे वाटप जाहीर करतात, शाळांतून वृक्षदिंड्या निघतात, गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर वृक्षारोपणाचे कार्यक्रम झळकतात आणि रोपवाटिकांमध्ये गर्दी उसळते. राज्य सरकारनेही २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टे ठेवली होती. लावण्याचा उत्साह आपल्याकडे कमी नाही. प्रश्न निर्माण होतो तो लावल्यानंतर. जास्वंदीवर पांढरा कापसासारखा थर दिसू लागला, कढीपत्ता वर्षभर वीतभरच राहिला, तुळस पिवळी पडली किंवा सोसायटीच्या आवारातील जुना गुलमोहोर एका बाजूला कलला, तर विचारायचे कोणाला?

शहरी माणसापुढे आज यासाठी तीन वाटा आहेत. पहिली रोपवाटिकेच्या मालकाची, दुसरी महिन्यातून चार वेळा येणाऱ्या माळ्याची आणि तिसरी मोबाइलवरील चित्रफितींची. यांपैकी रोपवाटिकाचालकाचा अनुभव दांडगा असतो. पण त्याच्या उत्तराच्या शेवटी बहुधा एखादी बाटली किंवा पिशवी असते. माळ्याचा हात कसबी असतो, मात्र त्याला शास्त्रीय माहिती मिळावी अशी सोय कोणीच केलेली नाही. चित्रफितींबद्दल बोलायचे तर त्या कोणत्या हवामानात, कोणत्या मातीसाठी आणि कोणाच्या प्रायोजकत्वाने तयार झाल्या आहेत, हे पाहणाऱ्याला कळण्यास मार्ग नसतो. ज्याला विषय कळतो आणि ज्याला काही विकायचे नाही असा सल्लागार या तिन्ही वाटांवर क्वचितच भेटतो.

बागकाम हा फावल्या वेळचा छंद; त्यासाठी एवढा खल कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु चुकीच्या सल्ल्याची किंमत किती असू शकते, हे शेतीने आपल्याला दाखवून दिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांना प्राण गमवावे लागले. त्या दुर्घटनेला अनेक कारणे होती. पण कोणते औषध, कशात मिसळून, किती प्रमाणात आणि कोणती काळजी घेऊन फवारायचे, हे शेतकऱ्याला सांगणारा प्रत्यक्षात औषधविक्रेताच असतो, ही गोष्ट त्यावेळी पुन्हा एकदा ठळकपणे पुढे आली. सरकारलाही ही वस्तुस्थिती ठाऊक आहे. म्हणूनच हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय कृषी विस्तार संस्थेने २००३ साली कृषिनिविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. विक्रेता हाच सल्लागार असेल तर निदान तो शिकलेला असावा, हा त्यामागील विचार व्यवहार्य आहे. तथापि, सल्लागाराचे उत्पन्न सल्ल्यावर अवलंबून असण्याची मूळ अडचण त्यामुळे सुटत नाही. शहरातील गॅलरीत आणि गच्चीवर तर तेवढीही व्यवस्था नाही. तेथे लहान मुले वावरतात, बंद खिडकीपलीकडे स्वयंपाकघर असते आणि फवारलेली मिरची दुसऱ्या दिवशी फोडणीत पडते.

सिएटलचा धडा

हाच पेच अर्धशतकापूर्वी अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात उभा राहिला होता. तेथे त्यावर शोधलेला उपाय आजही चालू आहे आणि आपल्या दृष्टीने तो अभ्यासण्याजोगा आहे.

अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्याराज्यांत शेती आणि तंत्रशिक्षण देणारी विद्यापीठे उभी राहिली. त्यांच्या प्रयोगशाळांतील ज्ञान लोकांपर्यंत पोहोचविण्यासाठी १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने कृषिविस्तार सेवा सुरू झाली. प्रत्येक जिल्ह्यात विद्यापीठाचा एक अधिकारी बसू लागला. त्याने शेतकऱ्याच्या शंका विद्यापीठात न्याव्यात आणि विद्यापीठातील उत्तरे शेतकऱ्याकडे आणावीत, अशी ही रचना होती. पुढे शहरे फुगली. सिएटल आणि टॅकोमा या जोडशहरांच्या परिसरात वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाचे विस्तार अधिकारी असलेले डेव्हिड गिबी यांचे मुख्य काम व्यावसायिक फळ-फूल उत्पादकांना मदत करण्याचे होते. परंतु घरगुती बागा करणाऱ्यांच्या दूरध्वनींनी त्यांचा दिवस व्यापून जाऊ लागला. टोमॅटोची पाने का वळली, हिरवळीत शेवाळ का माजले, सफरचंदाला कीड कोणती, असे प्रश्न संपेनात. प्रसारमाध्यमांतून माहिती देऊन पाहिली, तर प्रश्न कमी होण्याऐवजी वाढले.

तेव्हा गिबी आणि त्यांचे सहकारी बिल शिअर यांनी एक साधी कल्पना मांडली. ज्या नागरिकांना बागेची आवड आहे त्यांना विद्यापीठाने पद्धतशीर शिक्षण द्यावे आणि त्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास आपल्या गावातील लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. विद्यापीठातील विषयतज्ज्ञांना ही कल्पना प्रथम रुचली नाही. हौशी माणसे तज्ज्ञांच्या नावाने काहीबाही सांगतील, ही त्यांची भीती होती. मग १९७२ साली टॅकोमातील एका मोठ्या व्यापारी संकुलात प्रायोगिक ‘वनस्पती चिकित्सालय’ मांडण्यात आले आणि तेथे लोटलेल्या गर्दीने गरज सिद्ध केली. १९७३ साली पहिली मोठी तुकडी शिकून बाहेर पडली. तीत सुमारे २०० जण होते. कसबी कारागिरांना जर्मनीत दिल्या जाणाऱ्या पदवीवरून त्यांना ‘मास्टर गार्डनर’ हे नाव मिळाले. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत असे कार्यक्रम चालतात आणि एकट्या अमेरिकेत अशा स्वयंसेवकांची संख्या ८० हजारांच्या पुढे गेली आहे.

शिक्षणाचे स्वरूप

या उपक्रमाचे यश केवळ लोकांच्या सेवाभावाला जोडून मोकळे होणे सोपे आहे. ते त्याच्या रचनेत शोधले पाहिजे.

राज्यागणिक तपशील बदलतो. पण ढोबळमानाने प्रशिक्षण चाळीस तास किंवा त्याहून अधिक असते. वनस्पतीची रचना आणि वाढ, माती आणि तिची तपासणी, खते, पाणी, भाजीपाला, फळझाडे, छाटणी, कीटक, रोग, तण आणि एकात्मिक कीडनियंत्रण हे त्यातील नेहमीचे विषय. शिकविणारे विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आणि विस्तार अधिकारी असतात. अभ्यासक्रमाला शुल्क असते आणि शेवटी परीक्षा असते. त्यानंतर पहिल्या वर्षात साधारण तेवढेच किंवा त्याहून जास्त तास समाजासाठी द्यावे लागतात. वाचनालयात, शेतकरी बाजारात, शाळेच्या बागेत किंवा विद्यापीठाच्या दूरध्वनी सेवेवर हे काम चालते. दरवर्षी ठरावीक सेवा आणि ठरावीक नवे शिक्षण पूर्ण केले तरच मान्यता कायम राहते. ज्ञान मिळते म्हणजे एक ऋण होते आणि ते तासांनी फेडायचे असते, असा हा करार आहे.

या शिक्षणाचा गाभा निदानात आहे. आलेल्या माणसाने पिशवीतून एक पिवळे पान काढून ‘यावर काय मारू?’ असे विचारले, की प्रशिक्षित सल्लागार लगेच औषधाचे नाव घेत नाही. तो आधी प्रश्न विचारतो. झाड कोणते, किती वर्षांचे, ऊन किती तास, पाणी कधी आणि किती, कुंडीला खाली भोक आहे काय, खत शेवटचे केव्हा घातले, पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या, शेजारच्या वेगळ्या जातीच्या झाडांवरही तेच दिसते काय? नुकसान अनेक जातींच्या झाडांवर एकाच वेळी आणि सारखेच दिसले, तर रोगापेक्षा पाणी, ऊन, खत किंवा रसायन यांवर संशय घ्यायचा; एकाच जातीवर हळूहळू पसरत गेले, तर कीड किंवा रोग शोधायचा. कुंडीतील बहुसंख्य तक्रारींचे मूळ जास्त पाणी आणि अपुरा निचरा यांत असते. त्यावर कोणतेही औषध नाही आणि म्हणूनच ते सांगण्यात विक्रेत्याला रस असण्याचे कारण नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट मर्यादांची. रसायनांबाबत विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली शिफारसच सांगायची, स्वतःचे प्रयोग नाहीत. एखाद्या कंपनीच्या मालाची भलामण करायची नाही. ही पदवी धंद्याच्या जाहिरातीसाठी वापरायची नाही. रानातली अळंबी खाण्याजोगी आहे का, अमुक वनस्पती कोणत्या आजारावर चालते, असल्या प्रश्नांना उत्तर देण्यास अनेक राज्यांत मनाईच आहे. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून, शोधून कळविणे ही तेथे कमीपणाची गोष्ट मानली जात नाही. विद्यापीठातील विषयतज्ज्ञांना सुरुवातीला वाटलेल्या भीतीचे निरसन या नियमांनी झाले. हौशी माणूस चुकू नये यासाठी त्याला सर्वज्ञ करण्याची गरज नसते. त्याला आपली सीमा आणि पुढचा दरवाजा ठाऊक असला म्हणजे पुरते.

याच वळणावर सिएटलमध्ये १९८० च्या दशकात घरगुती कंपोस्टचे प्रशिक्षण देणाऱ्या स्वयंसेवकांचाही कार्यक्रम सुरू झाला. कचऱ्याच्या प्रश्नाशी झगडणाऱ्या आपल्या शहरांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असा तो आहे.

आपल्याकडे काय आहे, काय नाही

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राकडे पाहिले तर आपली पाटी कोरी नाही, हे लक्षात येते. किंबहुना मूळ साचा एकच आहे. स्वातंत्र्यानंतर भारतात कृषी विद्यापीठे स्थापन झाली ती अमेरिकेच्या याच विद्यापीठांचा आदर्श ठेवून; १९६० साली पंतनगरला पहिले विद्यापीठ उभारताना इलिनॉय विद्यापीठाचे साह्य होते. महाराष्ट्रात १९६८ ते १९७२ या काळात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार विद्यापीठे झाली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्यांची तीन कामे. १९७४ पासून कृषी विज्ञान केंद्रे आली, २००४ साली किसान कॉल सेंटर सुरू झाले, २०१५ साली मृदा आरोग्यपत्रिका आली, ‘आत्मा’ योजनेतून गावपातळीवर कृषिमित्रही नेमले गेले. गावातील एका जाणत्या माणसाने विस्तार यंत्रणा आणि शेजारी यांच्यात दुवा व्हावे, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

मात्र ही सारी यंत्रणा शहराच्या वेशीवर थांबते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ४५ टक्क्यांहून अधिक लोक शहरांत राहतात. विस्तार सेवेच्या नकाशावर ते जवळजवळ नाहीत. विरोधाभास असा की, ज्ञान शहरातच आहे. पुण्याचे कृषी महाविद्यालय शिवाजीनगरच्या ऐन वस्तीत आहे आणि गणेशखिंडीत फळ संशोधन केंद्र आहे. नागपूरचे कृषी महाविद्यालयही शहराच्या मध्यभागीच आहे. त्यांच्या कुंपणालगत हजारो घरांत कुंड्या आहेत. कुंपणाच्या आतले उत्तर बाहेरच्या कुंडीपर्यंत नेणारा माणूस तेवढा नाही.

तो माणूस तयार करण्याचे प्रयत्न लोकांनी आपल्या परीने केले आहेत. कोल्हापूरचे गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांनी १९६० च्या दशकापासून ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून शेतकऱ्यांनाच प्रयोग करायला, नोंदी ठेवायला आणि पत्रव्यवहारातून एकमेकांना शिकवायला लावले. तासगाव भागातील द्राक्षशेतीच्या भरभराटीत या परस्परशिक्षणाचा वाटा मोठा आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी पिशव्या आणि पिंपांमधील गच्चीवरच्या शेतीचे तंत्र असंख्य लोकांना दाखविले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर फळझाडे आणि भाज्या वाढवून दाखविल्या. मराठी विज्ञान परिषदेने शहरी शेतीचे वर्ग चालविले. हे काम मोलाचे आहे. पण ते एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या उमेदीवर उभे राहिले. ती व्यक्ती थकली किंवा निवर्तली की साखळी तुटण्याचा धोका असतो. मास्टर गार्डनर कार्यक्रमात व्यक्ती बदलतात. विद्यापीठ मागे उभे असल्यामुळे अभ्यासक्रम, शिफारशी आणि जबाबदारी कायम राहते. उणीव आहे ती या पाठबळाची.

सल्ल्याअभावी काय घडते

प्रशिक्षित शेजाऱ्याने नेमका काय फरक पडेल, हे काही उदाहरणांवरून समजून घेता येईल.

पपईवरील पिठ्या ढेकूण ही परदेशी कीड २००८ साली कोइमतूरला प्रथम आढळली आणि २०१० पर्यंत पुणे परिसरात पोहोचली. पपई, तुती आणि जास्वंद तिने पांढरीफटक करून टाकली. मेणचट आवरणामुळे फवारणीचा परिणाम बेताचा होत होता. अखेर त्याच वर्षी भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या बंगळूर येथील कीटकविषयक संस्थेने प्वेर्तो रिकोहून या किडीवर उपजीविका करणारे सूक्ष्म परोपजीवी कीटक आणून सोडले आणि अल्पावधीत कीड आटोक्यात आली. आता विचार करा : गॅलरीतील जास्वंदीवर पांढरा थर दिसताच सरसकट जहाल कीटकनाशक मारणारा नागरिक त्या थरासोबत हे मित्रकीटकही मारतो. कीड मग अधिक जोमाने परतते आणि दुसरी बाटली विकली जाते. जोरात पाण्याचा फवारा मारणे, फार लागलेली फांदी कापून नष्ट करणे, मुंग्यांचा बंदोबस्त करणे आणि साबणाच्या सौम्य द्रावणावर भागविणे, एवढे सांगणारा कोणी भेटला असता तर हे चक्र टळले असते.

दुसरे उदाहरण गच्चीचे. माणसांच्या वावरासाठी खुल्या असलेल्या गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला साधारण १५० किलो इतका वापराचा भार धरतात. फूटभर जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरतो. स्लॅबवर थेट माती पसरून ‘शेत’ करणाऱ्यांना हे गणित कोणी सांगितलेले नसते. हलके मिश्रण, कुंड्यांची मांडणी तुळई आणि खांबांच्या रेषेवर, जलरोधक थराची तपासणी आणि जुन्या इमारतीत अभियंत्याचा सल्ला, हे बागकामाच्या पहिल्याच धड्यात हवे. कुंडीखालच्या ताटलीत साठणाऱ्या पाण्याचेही तेच. डेंगीचा डास अशा स्वच्छ पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण वाढतो. ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून काढणे हा बागेइतकाच आरोग्याचाही विषय आहे.

तिसरे उदाहरण सार्वजनिक झाडांचे. राज्यात १९७५ पासून शहरी भागासाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे आणि परवानगीशिवाय झाड तोडणे गुन्हा आहे. पण बुंध्याला चिकटून फरशी बसविणे, मुळे तोडून गटार काढणे, खोडात खिळे ठोकणे किंवा एकाच बाजूच्या फांद्या सपासप उतरविणे यांनी झाड न तोडताही मरते. बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवावी, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या संदर्भात दिला, तो याच कारणासाठी. पावसाळी वाऱ्यात पडणारी अनेक झाडे ‘अचानक’ पडत नाहीत. मुळांशी वर्षानुवर्षे झालेल्या दुखापतीचा तो शेवट असतो. वस्तीतील दोन माणसांना या खुणा वाचता आल्या, तर वृक्ष प्राधिकरणाकडे जाणारी तक्रार वेळेवर आणि नेमकी जाईल. त्यामुळे माणसांचे जीवही वाचतील आणि निव्वळ भीतीपोटी तोडली जाणारी निरोगी झाडेही.

चौथे, ओला कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या निवासी संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरविण्यास सांगितले. कित्येक सोसायट्यांनी पिंपे आणि यंत्रे आणली आणि वास सुटला म्हणून बंद केली. वासाचे कारण बहुधा साधे असते : ओलावा जास्त आणि हवा कमी. उरलेल्या अन्नात दुप्पट-तिप्पट आकारमानाचा वाळका पाला मिसळला आणि ढीग वरचेवर हलविला, तर प्रश्न मिटतो. दुर्दैव असे की, तोच पाला आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाळला जात असतो.

आक्षेप आणि उत्तरे

या कल्पनेवर काही रास्त आक्षेप संभवतात. पहिला म्हणजे सरकारने आपले काम स्वयंसेवकांच्या गळ्यात मारण्याचा. विस्तार यंत्रणेतील रिक्त जागा भरण्याऐवजी फुकटची माणसे नेमून वेळ मारून नेण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो. हा धोका खरा आहे. त्यावर उपाय असा की, या योजनेला पूर्णवेळ वेतनावरील समन्वयक हवाच. अमेरिकेचा अनुभवही हेच सांगतो : जेथे विद्यापीठाचा पगारी माणूस मागे असतो, तेथे स्वयंसेवक टिकतात. स्वयंसेवकांच्या फळीने तज्ज्ञाचा वेळ वाचतो. तज्ज्ञाची गरज संपत नाही.

दुसरा आक्षेप वर्गाचा. अमेरिकेतील या स्वयंसेवकांत सुस्थितीतील, निवृत्त आणि गौरवर्णीय नागरिकांचे, त्यातही स्त्रियांचे प्राबल्य आहे आणि ही मर्यादा तेथील विद्यापीठेही मान्य करतात. आपल्याकडे तर हा उपक्रम मोठ्या गच्च्या असलेल्या मंडळींचे मंडळ होण्यास वेळ लागणार नाही. म्हणून प्रशिक्षण मराठीत हवे, आठवड्याच्या सुटीला हवे, शुल्क माफक हवे आणि निम्म्या जागा माळीकाम करणारे, बचत गटांतील महिला, शाळांचे शिक्षक आणि वस्त्यांतील कार्यकर्ते यांच्यासाठी राखून ठेवल्या पाहिजेत. तेलाच्या डब्यात आळू आणि पुदिना लावणाऱ्या चाळीतील बाईला सल्ल्याची गरज बंगल्यातल्या माणसाहून कमी नाही. तिच्या घरी तर त्यातून रोजची भाजी निघते. माळ्यांना मिळालेले प्रमाणपत्र त्यांची रोजची मजुरीही वाढवील. स्वयंसेवक त्यांच्या पोटावर पाय देतील ही भीती त्यामुळे उरणार नाही.

तिसरा आक्षेप हवामानाचा. अमेरिकेतील अभ्यासक्रम हिरवळी आणि बर्फाच्या मोसमाभोवती फिरतो. तो उचलून इथे चालणार नाही, हे उघड आहे. आपला अभ्यासक्रम चार महिन्यांचा पाऊस, आठ महिन्यांची पाणीटंचाई, कुंडी आणि गच्ची, देशी झाडांची निवड आणि ओला कचरा यांभोवती रचावा लागेल. कोकण, देश, मराठवाडा आणि विदर्भ यांच्यासाठी तो वेगवेगळा करावा लागेल. त्यासाठी चार विद्यापीठे चार हवामानांत बसलेलीच आहेत.

सुरुवात कोठून?

यासाठी नवे महामंडळ किंवा नवी इमारत नको. पुणे किंवा नागपूर यांपैकी एका शहरात कृषी महाविद्यालय आणि महापालिकेचा उद्यान विभाग यांनी मिळून एक तुकडी चालवून पाहावी. चाळीस तासांचे वर्ग, चाळीस तासांची सेवा, परीक्षा, वर्षाला नूतनीकरण आणि विक्रीस सक्त मनाई, एवढे पाच नियम पुरेत. सेवेसाठी जागाही तयार आहेत. २०१६ पासून शहरांत भरू लागलेल्या शेतकरी आठवडे बाजारांना संत सावता माळी यांचे नाव देण्यात आले. भक्तीची वाट आपल्या मळ्यातूनच काढणाऱ्या संताच्या नावाच्या त्या बाजारात, भाजीच्या गाड्याशेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या टाकून ‘झाड आजारी आहे? पान घेऊन या’ अशी पाटी लावण्यास कितीसा खर्च येणार? आठवड्याला किती लोक आले, कोणते प्रश्न विचारले, कोणत्या किडी दिसल्या, याच्या नोंदी ठेवल्या तर त्या शहरातील झाडांच्या आरोग्याचा पहिला विश्वसनीय तक्ता विद्यापीठाच्या हाती येईल. नवी कीड शिवारात पोहोचण्याआधी एखाद्या गॅलरीत दिसली, तर शेतकऱ्यालाही त्याचा लाभ होईल.

रोपे वाटण्यासाठी दरवर्षी होणाऱ्या खर्चाचा अल्पसा भाग ती जगविण्याचे ज्ञान वाटण्याकडे वळविला, तर ही तुकडी उभी राहू शकते. पालिकांनी आपल्या अंदाजपत्रकात आणि विद्यापीठांनी आपल्या विस्तार कार्यात शहराला जागा करून द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. नागरिकांच्या बाजूने उत्साहाची वाण पडणार नाही, याची साक्ष दर जूनमध्ये रोपवाटिकांसमोर उसळणारी गर्दी देतच असते.